मिनिटाला बावीस

मिनिटाला बावीस थेंब.
मोजायची सवय, दुसरं काय.
एकोणतीस वर्षं वेंगुर्ल्यातले मीटर वाचले,
आता स्वतःच्याच गाडीखाली
खोबरेलाच्या बाटलीचं झाकण ठेवून
मांडी घालून बसलोय.

येझदी. सत्त्याऐंशीची.
रंग घेतला तेव्हा लाल होता,
आता खाऱ्या वाऱ्याला पटेल तसा.
सारवलेल्या खळ्यात रोज सकाळी एक डाग, बशीएवढा,
आणि रजनीचं एकच वाक्य:
"तिका जळाची हौस आसात
तर न्हाणीच्या चुलीपासून लांब ठेय."

कॉक बंद केला, थेंब थांबले.
म्हणजे टाकीवर आळ नको.
उघडला, आणि दहा मोजायच्या आत
ओव्हरफ्लोच्या नळीला पुन्हा पाझर.
सांध्यातून नाही. नळीतून.
पॅकिंग मी उगाच बदललं, तेही दोनदा.

कार्बोरेटरची वाटी उतरवली.
चार स्क्रू, त्यातल्या एकाची खाच गेलेली.
तळाशी गंजाची पूड, चिमटीभर वाळू
आणि पाण्याचा एक मणी,
वाटी कलती केली की घरंगळणारा.
पेट्रोल पंपावर भरलं होतं मी,
मांडवीच्या खाडीत नव्हे.
सुईच्या टोकाला वळ,
जुनी अंगठी काढल्यावर बोटाला असतो तसा.
सावंतवाडीहून नवी आणली, एकशे चाळीस रुपये.

मिनिटाला अठरा.
चार थेंबांचे एकशे चाळीस.
हा दर आमच्या खात्यानेसुद्धा कधी लावला नव्हता.

बंदरावर पास्कू फर्नांडिस,
ट्रॉलरची इंजिनं उघडतो, बोलतो कमी.
त्याने पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला
बाजारात नारळ हलवतात तसा,
आणि माझ्या कानाशी धरला.
चुळुक.
नारळ असता तर घेतला असता.
"ह्येच्या पोटात प्याट्रोल गेला.
फ्लोट बुडता, म्हणान सुई बसणा नाय.
होडयेक भोक पडल्यार
डोलकाठी बदलून काय उपेग?"

गॅस बंद करून, उकळत्या पाण्याच्या टोपात फ्लोट दाबून धरला.
शिवणीपाशी एक बुडबुडा,
मग दुसरा, मोहरीएवढा.
ज्याचं काम फक्त तरंगायचं
तो इतके महिने आतून भरत होता
आणि मी बाहेरून पॅकिंगं बदलत होतो.

तो टोप आता रजनी चहाला घेत नाही.

पोटातलं सगळं बाहेर येऊन सुकेपर्यंत
दोन दिवस गडग्यावर उन्हात,
मग बाबल अणवेकराच्या पेढीवर.
काचेखाली दोन बाळ्या, तुटकी साखळी, कुणाची नथ
आणि त्यांच्या रांगेत माझा फ्लोट.
त्याने फुंकणी ओठांत धरली,
ज्योत सुईसारखी केली, डाग दिला.
आधी आणि नंतर, दोनदा सोन्याच्या काट्यावर तोलला:
दोनशे मिलीग्रॅम वाढले.
तेवढा तो जास्त बुडणार,
म्हणून घरी येऊन फ्लोटच्या जिभेला
नखाएवढाही नाही, नखाच्या मळाएवढा बाक.
मजुरी विचारली तर बाबल म्हणाला,
"गेल्या म्हयन्याचा बिल जास्त इला हा. तां बघ."

आज झाकण कोरडं.
पाच मिनिटं. दहा.
एक मुंगी काठावर चढली,
आत डोकावली, उतरून गेली.
शून्य युनिट वापर: अशा घरांच्या पुढे
आम्ही 'बंद' लिहायचो.

खुशीत निघालो शिरोड्याला.
मोचेमाडच्या चढावर, अर्ध्यात,
गाडीने दोन आचके दिले आणि गप्प.
खाली वाकलो, नळी हुंगली. कोरडी.
प्लग काढला, पुसला, लावला.
किक मारून मारून
चपलेचा अंगठा तुटला.

माशांची टोपली घेऊन उतरणारी बाई थांबली.
"काय झाला ओ?"

तेव्हा हात कॉककडे गेला.
बंद.
तीन महिन्यांची सवय,
रात्री झोपताना कडी लावावी तशी.

"काय नाय गे," म्हटलं,
"गळूचा थांबला.
म्हणान बंद पडली."